मामाची ग्रिप

मी दहा मीटरच्या रेंजवर नवीन पोरांना एअर पिस्तूल शिकवते. बरीच वर्षं झाली, पण पहिलं पिस्तूल कुठलं घ्यावं असं कोणी विचारलं की मला आधी एकच रविवार आठवतो आणि मग उत्तर जरा लांबतं.

मुलगी तेरा वर्षांची, चणीने लहानखुरी. पहिल्याच दिवशी आली ती मामाचं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं पिस्तूल, घेऊन. मामा आधी स्वतः शूटिंग करायचे, खांद्यामुळे सुटलं, आणि भाचीने शिकायचं म्हटल्यावर त्यांनी जपून ठेवलेलं पिस्तूल सरळ तिला देऊन टाकलं. ४.५ मिमी छऱ्याचं, काँप्रेस्ड एअरचं, म्हणजे सिलेंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारं, धक्का जवळजवळ नाहीच, ट्रिगर लोण्यासारखा. मी उचलून बघितलं आणि तिच्या आईला म्हटलं, "ताई, नशीबवान आहे हो पोरगी, लोक कित्येक वर्षं असल्या पिस्तुलाची वाट बघतात." हे माझं वाक्य मला आजपण टोचतं, कारण मी पिस्तूल बघितलं, तिचा हात बघितलाच नाही.

तीन आठवडे गेले. पोरगी मेहनती, वेळेवर येणार, सांगितलेलं सगळं वहीत लिहिणार, ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव, कंटाळा न करता करणार. पण शॉट कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि मी मागे उभी राहून एकच घोकत होते, "ट्रिगर सरळ मागे, ट्रिगर सरळ मागे, झटका देऊ नकोस." ती मान हलवायची आणि पुढचा शॉट परत तसाच.

त्या रविवारी महिन्याची टेस्ट होती. नव्यांना २० शॉट, एका कागदावर पाच, म्हणजे चार कागद. बाराव्या शॉटनंतर तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, पिस्तूल रिकामं आहे हे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घातला, आणि हात मांडीला घासत उभी राहिली. मला वाटलं घाम आला असेल. मग परत उचललं आणि कसेबसे २० पूर्ण केले. २०० पैकी १४८ आले. रडली नाही, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

कागद मोजून झाल्यावर मी सहज चारही एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडाकडे धरले. आपलं पेलेट, म्हणजे छर्रा, पुढून चपटं असतं ना, त्यामुळे कागदावर भोक कसं पंचने पाडल्यासारखं स्वच्छ गोल पडतं, आणि चार कागदांतून उजेड आला तेव्हा ती सगळी भोकं एका आडव्या पट्ट्यात दिसत होती. वर-खाली फार काही नाही, डावी-उजवीकडे मात्र पाचच्या रिंगपर्यंत पसरलेली. माझ्या पोटात गोळा आला. कारण होल्ड, म्हणजे पिस्तूल स्थिर धरणं, कच्चा असता किंवा हात थकून खाली येत असता तर भोकं वर-खालीही पसरली असती, आणि हिच्या शॉटची वर-खालची पातळी तर या वयाच्या मानाने छान होती. म्हणजे पोरगी श्वास, खांदा, साईटची लेव्हल सगळं नीट करत होती आणि गडबड फक्त आडवी होत होती. मनगटात काहीतरी होतं.

"हात दाखव बघू," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ, चांगला खोल, आणि मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर अजून एक. तळहाताच्या मध्यभागी काहीच खूण नाही, जिथे ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, सगळ्यात जास्त भिडायला हवी तिथे. मी पिस्तूल रिकामं आहे ना ते परत बघितलं, तिला धरायला लावलं आणि तळहात आणि लाकूड यांच्यामधून माझी पेन्सिल सरकवून बघितली. आरपार गेली.

मग डोळे मिटून हात उचलायला सांगितला, दोन श्वास थांब, आता डोळे उघड, मागच्या साईटच्या खाचेत फ्रंट साईट, नळीच्या टोकाची ती पट्टी, कुठे दिसते?

"उजवीकडे, मॅडम. खाचेच्या कडेला चिकटलेली."

"रोज अशीच दिसते?"

"हो. मग मी मनगट वळवून मधे आणते."

रोज. प्रत्येक शॉटला. तिचं बोट ट्रिगरपर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून ती ग्रिपला वळसा घालून उजव्या बाजूने धरत होती, त्यामुळे पिस्तुलाचं तोंड तिच्या हाताच्या रेषेतून उजवीकडे जायचं, ते ती मनगटाने डावीकडे ओढायची, आणि बोटाचं नुसतं टोक ट्रिगरला लागत असल्याने दाबताना पिस्तूल आणखी डावीकडे ढकललं जायचं. कधी मनगट सैल पडलं तर शॉट उजवीकडे, कधी बोटाने ढकललं तर डावीकडे. आणि मी तीन आठवडे तिला ट्रिगर सरळ मागे घे म्हणत होते! कशाने घेणार ती?

मी विचारलं, दुखतंय हे सांगितलं का नाहीस. ती खूप हळू म्हणाली, "मामाने एवढ्या प्रेमाने दिलंय ना."

मी रेंजच्या कपाटातून जुनं सिंगल स्ट्रोक पिस्तूल काढलं. त्यात एकदा लिव्हर मारली की एका शॉटपुरती हवा भरते, सिलेंडर-बिलेंडर काही भानगड नाही, फक्त लिव्हर या वयाच्या पोरांना जड जाते म्हणून ती मी मारून देत होते. त्याची ग्रिप लहान. दहा शॉट मारून घेतले. शंभरात ७६ आले, म्हणजे सरासरी जेमतेम तेवढीच, जादू काही झाली नाही. पण ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, गोल आला, सगळा थोडा खाली आणि गोल. गोल ग्रुप साईटचे स्क्रू फिरवून वर आणता येतो, आडव्या पट्ट्याचं काय करणार?

तिने कागद बघितला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी मामा आले. मला धाकधूक होती. मी कागद दाखवले, तिचा हात दाखवला. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ ग्रिपवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "हा खळगा मी कानशीने कोरलाय. आणि ही पुट्टी इथे भरली कारण माझ्या तळव्याला पोकळी आहे." म्हणजे ग्रिप नुसती मोठी नव्हती, ती दुसऱ्या माणसाच्या हाताला बसवलेली होती. त्यांनी ॲलन की मागितली, खालचा स्क्रू काढला, ग्रिप उतरवली आणि रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली. "ही माझी. बाकीचं तिचं."

मग आम्ही पिस्तूल जणू आजच घ्यायचंय असं समजून पहिल्यापासून सुरुवात केली. बहुतेक मॅच पिस्तुलांना वेगवेगळ्या मापांच्या ग्रिप मिळतात, डावऱ्यांच्या वेगळ्या, म्हणून आधी कागदावर तिचा पंजा ठेवून पेन्सिलीने आखला आणि तळव्याची रुंदी मिलिमीटरमध्ये घेतली. ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकते, ती मागे घेतली, बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग बरोबर मधे बसेपर्यंत. नियमात पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालतं पण हात लांब करून २० वेळा उचलायचं तर या मुलीला किलोभर सुद्धा खूप, म्हणून नळीखालची जादा वजनं काढली. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, तो वजन लटकवून तपासला आणि मुद्दाम थोडा वरच ठेवला, नव्या पोराला काठावरचा ट्रिगर देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आणि जी गोष्ट मीसुद्धा पहिल्या दिवशी बघायला हवी होती ती शेवटी बघितली, सिलेंडरवरची तारीख. बऱ्याच कंपन्या सिलेंडरची मुदत दहा वर्षं ठेवतात, मामांच्या सिलेंडरची केव्हाच संपलेली. २०० बारचा दाब असतो आत, त्यात चालढकल नाही, बाजूलाच काढला. वापरलेलं पिस्तूल घेणाऱ्यांनो, नळी-साईट बघण्याआधी ती तारीख वाचा.

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ, या कंपन्यांतलं कुठलं पिस्तूल चांगलं असं मला विचारतात. यांची मॅच पिस्तुलं नवशिक्याच्या गरजेपेक्षा खूपच जास्त अचूक असतात हो, पहिल्या दोन वर्षांत तुमचा एकही खराब शॉट त्यांच्यामुळे जाणार नाही. पॅरिस २०२४ ऑलिंपिकनंतर तर पोरं तुर्कीच्या नेमबाज युसुफ दिकेचचा फोटो घेऊन येतात, साधा चष्मा, एक हात खिशात आणि एअर पिस्तूल मिश्र सांघिकमध्ये रौप्य. त्यांना मी म्हणते, खिशातला हात सोडा, दुसरा बघा, पिस्तूल त्या हातात कसं बसलंय ते बघा.

नवी ग्रिप आल्याला आता महिना झाला. लहान मापाची असली तरी हुबेहूब नाहीच बसत, कधीच बसत नाही, म्हणून दर रविवारी टेस्टनंतर आम्ही पॉलिश पेपर घेऊन बसतो. तळहातातून पेन्सिल आता जात नाही. डोळे मिटून उचललं की फ्रंट साईट खाचेच्या मधे येते, अगदी केसभर उजवीकडे. काल म्हणाली, "मॅडम, करंगळीखाली अजून टोचतंय." मी तिथे पेन्सिलीने गोल केलाय, पुढच्या रविवारी तेवढंच घासायचं.