तुम्ही विचारलंत म्हणून: घरात तीन भाषा, मग मुलाशी बोलायचं कुठल्या भाषेत?

ॲडमिशनच्या दिवसांत हा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो. आई बेळगावकडची कानडी, बाबा विदर्भातले, सोसायटीत सगळं हिंदी, पोरगं अडीच वर्षांचं, "ताई, एकच भाषा बोलू का हो याच्याशी, नाहीतर गोंधळेल ना?" माझी बालवाडी पुण्यात वाकडला आहे, आयटीवाल्यांची मुलं येतात आणि बांधकामाच्या साइटवर राहणारी बंजारा, तेलुगू घरातलीही येतात.

नाही गोंधळत. मूल "मम्मा, नीरु दे" (नीरु म्हणजे कानडीत पाणी) म्हणालं तर जो शब्द आधी सुचला तो त्यानं वापरला, एवढंच. आपण मोठी माणसं पण "मीटिंग पोस्टपोन झाली" म्हणतोच की. उलट दोन-तीन वर्षांची मुलं समोरचं माणूस बघून भाषा बदलतात, आज्जीशी कानडी, माझ्याशी मराठी, कोणी शिकवलेलं नसतं.

उशिरा बोलण्याचं खापरही दोन भाषांवर फोडू नका. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण 50 शब्द आणि "बाबा ये" अशा जोड्या असाव्यात असं धरतात, पण ते सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. तसे मोजूनही फारच कमी भरले किंवा हाक मारल्यावर वळून बघत नसेल तर आधी कान तपासून घ्या, स्पीच थेरपिस्टला दाखवा, आपोआप बोलेल म्हणून वाट बघत बसू नका. घरची भाषा बंद करणं हा मात्र त्यावरचा उपाय नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. "मोठ्या शाळेत सांगितलंय घरी इंग्लिशच बोला" म्हणणाऱ्या आया येतात तेव्हा मी त्यांना म्हणते, चार दिवस स्वतःचंच बोलणं ऐका. कम, सिट, ईट, फिनिश इट. एवढंच उरतं. लाडानं रागावणं, "मांजर का बरं पळालं असेल, सांग बघू" असं विचारणं, मामाच्या गावच्या गोष्टी, हे सगळं गळून जातं, आणि मूल विचार करायला शिकतं ते याच बोलण्यातून हो, सूचनांमधून नाही. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं, आणि आपण तीन वर्षांच्या लेकराची भाषा घरातच बंद करतोय.

साइटवरच्या आईचा प्रश्न वेगळाच असतो. ती विचारत नाही, आपल्या बंजारा भाषेबद्दल, म्हणजे गोरमाटीबद्दल, माफी मागते. "आमचं गोरमाटी बोलतो ओ, सुधरेल हळूहळू." मला फार लागतं ते. सुधारायचं काय त्यात? यवतमाळचा एक मुलगा आणि तेलंगणातून आलेली एक मुलगी वाळूत खेळताना एकमेकांशी गोरमाटीत भराभर बोलतात, मला काही कळत नाही आणि त्यांचं काही अडत नाही. हीच मुलगी वर्गात कित्येक दिवस गप्प होती. नव्या भाषेत आलेली मुलं अशी गप्प राहतात, ऐकून साठवत असतात, त्या काळात "बोल ना, बोल ना" करायचं नाही.

मला गोरमाटी येत नाही, तेलुगू पण नाही, तरी काम होतं. पहिल्याच दिवशी आईकडून पाणी, शू, दुखतंय, आई येईल, एवढे शब्द लिहून घेते. शनिवारी कुणाची तरी आज्जी येऊन तिच्या भाषेत गोष्ट सांगते, सगळी मुलं ऐकतात आणि निम्मी हातवाऱ्यांवरून समजतात. यात नवीन काही नाही, बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा अंगणवाडी आदिवासी पाड्यावरच्या अंगणातच नेली होती, खेळायला तिथलेच खडे, पानं, शिंपले.

तर बोलायचं कुठल्या भाषेत? ज्या भाषेत तुम्ही न अडखळता रागावता आणि जवळ घेता, त्या. आईची वेगळी, बाबांची वेगळी असली तरी चालेल. चार-पाच वर्षांचं झालं की मित्रांमुळे ते हिंदीत उत्तर द्यायला लागेल, देऊ दे, ओरडू नका, तुम्ही आपल्या भाषेत बोलत रहा. आणि व्हिडिओ कॉलवर "आज्जीला हाय बोल" म्हणून लगेच फोन काढून घेऊ नका, आज्जी तिकडे भाकरी थापत असली तरी फोन तसाच चालू राहू दे, त्यांचं काय ते दोघं बोलतील.