गुडघ्याची गादी नवी बसवून मिळते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, आणि "मॅडम, गुडघ्यातली गादी काढलीय, नवी बसवता येते का?" हे मला सतत विचारलं जातं. येते. पण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांसाठी ती नसते.

गादी म्हणजे मेनिस्कस. प्रत्येक गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन असतात, शरीराचा भार वाटून घेतात. रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला, त्यामुळे आतला भाग फाटला की सहसा भरून येत नाही. पूर्वी अशी गादी सर्रास काढून टाकत. पुढे त्या गुडघ्याचं काय होतं, ते फेअरबँक या ब्रिटिश सर्जननी १९४८ साली एक्स-रेंवरून दाखवलं: झीज. दात्याची गादी बसवायला १९८४ साली जर्मनीत सुरुवात झाली.

गादी मृत दात्याची, टिश्यू बँकेत गोठवून ठेवलेली. माप मात्र तुमच्या गुडघ्याशी जुळावं लागतं. किडनी बदलल्यावर लागतात तशा जन्मभराच्या गोळ्या नाहीत, हे ऐकून लोकांचा जीव भांड्यात पडतो.

हे ऑपरेशन साधारण पन्नाशीच्या आतल्या माणसाचं. गादी आधीच काढलेली, तरी दुखणं सुरू. बाकी कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, बऱ्यापैकी शाबूत, पाय वाकडा नाही, लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) घट्ट. सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर कळ येते म्हणणाऱ्या साठीच्या काकूंचा बहुधा सगळा सांधाच झिजलेला असतो. त्यांना नुसत्या गादीनं काय होणार?

योग्य माणसाला फायदा होतो. दुखणं कमी होतं, जिने, रोजचं चालणं सुधारतं. दहा वर्षांनीही निम्म्याहून बऱ्याच जास्त गाद्या कामात असतात. पण काही आक्रसतात, काही फाटतात, बऱ्याच जणांना पुन्हा दुर्बिणीचं ऑपरेशन लागतं. पुढची झीज यानं थांबते, असं अजून सिद्ध झालेलं नाही. कुणी तसं छातीठोक सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा.

खर्च म्हटलं की सगळे बिलाचा आकडा विचारतात. मला धास्ती असते ती नंतरच्या वर्षाची. पहिले सहा आठवडे कुबड्या आणि ब्रेस, गुडघा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही. मग महिनोन्‌महिने व्यायाम, आणि तो कंटाळवाणा असतो, खोटं कशाला बोलू! उकिडवं बसणं कितीतरी महिने बंद. निफाडकडचा द्राक्षबागायतदार आला की मी आधी तारीख काढायला लावते: एप्रिलची खरड छाटणी की ऑक्टोबरची गोडी छाटणी, एका वेळी तरी मजूर लावावे लागणारच. कबड्डीच्या पोरांना मात्र हे पटवताना घसा कोरडा पडतो. त्यांना मैदान हवं असतं, आणि हे ऑपरेशन मुळात दुखणं कमी करण्यासाठी आहे. चढाई-पकडीच्या खेळात परत जाऊ नका, असंच बरेच सर्जन सांगतात. मीही तेच सांगते, पोरं रुसली तरी.

आणि गादी अजून काढलेलीच नसेल, नुसती फाटली असेल, तर आधी सर्जनना विचारा, ती शिवता येईल का.