आईच्या स्वयंपाकघरातला उजेड

"मोहरी तडतडली ते ऐकू येतं रे, पण लसूण लाल झाला का ते दिसत नाही," आई फोनवर म्हणाली. गावच्या घरातले सगळे दिवे बदलून मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. वीज वाचेल, आईला लख्ख उजेड मिळेल, म्हणून सुट्टी काढून केलेलं काम. आणि जिथं ती दिवसातले सर्वांत जास्त तास घालवते, तिथंच तिला दिसेनासं झालं होतं.

वाई तालुक्यातलं आमचं घर जुनं आहे. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, वर माडी, मागं गोठा. आढं उंच, तुळया धुरानं काळ्या झालेल्या. ओसरीवर आणि स्वयंपाकघरात शंभराचे बल्ब होते, माजघरात आणि माडीवर चोकच्या जुन्या ट्यूब, बोळात सीएफएल, देवघरात झिरोचा लाल बल्ब. आईचं वय 74. ती एकटी राहते, शेजारच्या घरात चुलतभाऊ आणि वहिनी.

पुण्यात बसून मी हिशेब केला होता. शंभराचा बल्ब रोज पाच तास लागला तर महिन्याला 15 युनिट. नऊ वॉटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटही नाही. म्हणून नऊ वॉटचे डझनभर पांढरे बल्ब घेऊन गेलो आणि दिसेल त्या होल्डरला लावले.

स्वयंपाकघरातला शंभराचा बल्ब काढताना त्याच्या काचेवर करडा-काळा डाग दिसला. पुसायला गेलो तर निघेना, कारण तो आतून होता. ती टंगस्टनची वाफ. बल्बमधली तार लागली की सुमारे 2,500 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तापलेली असताना तिचे कण सुटतच असतात, ते काचेवर जाऊन बसतात, तार बारीक होत जाते आणि एक दिवस तुटते. ही झीज कमी व्हावी म्हणूनच आत आर्गॉन आणि नायट्रोजन भरतात. कंदिलाच्या ज्योतीतही असंच काहीसं घडतं. तिथं काजळीचे कण तापून पिवळे चमकतात, इथं तार चमकते. तापवा आणि उजेड घ्या, हाच मार्ग. पण सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या घरात आहे, आणि टंगस्टन 3,422 अंशांना वितळतं. तार सूर्याइतकी तापवताच येत नाही, त्यामुळे बल्ब बहुतेक वीज डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या रूपात फेकतो. शंभर भाग वीज घेतली तर उजेड जेमतेम पाच भागांचा.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी माप वॉटचंच घेतलं. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो. शंभराच्या बल्बचे साधारण 1,300 लुमेन, माझ्या नऊ वॉटच्या एलईडीचे 900. म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातला जवळजवळ एक तृतीयांश उजेड मीच काढून घेतला होता. ओसरीवर ते खपून गेलं. चुलीच्या खोलीत नाही.

पुढच्या शनिवारी गावी गेलो तेव्हा आणखी दोन तक्रारी वाट पाहत होत्या. बोळातला नवा दिवा बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणत राहायचा. आईला वाटलं, बटण खराब झालं. आणि न्हाणीघरातला दिवा, जो मी जुन्या काचेच्या बंद हंडीत बसवला होता, तो दोन आठवड्यांतच गेला.

गावातल्या वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला, आणि टेस्टर पेटला. "साहेब, बटण न्यूट्रलवर आहे. फेज सरळ होल्डरला गेलीय. इतकी वर्षं बल्ब बदलताना कुणाला झटका बसला नाही हे नशीब." फेज म्हणजे वीज आणणारी तार, न्यूट्रल परतीची. पूर्वी कुणीतरी वायर उलट्या जोडल्या होत्या, त्यामुळे बटण बंद केलं तरी वीज होल्डरपर्यंत येतच होती. तारेच्या बल्बला पेटायला एवढी वीज लागते की भिंतीतून झिरपणाऱ्या कणभर प्रवाहानं त्याला काही होत नसे, आणि सीएफएलचंही कधी लक्षात आलं नव्हतं. एलईडी मात्र त्या कणभर प्रवाहावरही मिणमिणतो. म्हणजे नव्या दिव्यानं घरातला जुना धोका दाखवून दिला होता. दादांनी मेन स्विच पाडला आणि बोळ, माडी, न्हाणीघर अशी तिन्ही ठिकाणची जोडणी दुरुस्त केली. दिवा बंद करूनही असा मिणमिणत असेल तर बटणातली इंडिकेटरची छोटी बत्तीही कारण असू शकते. पण आधी वायरमनला बोलावून बटण फेजवर आहे का ते बघून घ्या, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

न्हाणीघरातला मेलेला दिवा मी दादांसमोरच उघडला. वरची दुधी टोपी फिरवून ओढली की निघते. आत अॅल्युमिनियमची गोल चकती, तिच्यावर डाळीच्या दाण्याएवढे पिवळे चौकोन. त्यातल्या एकावर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. तो एक जळला होता आणि सगळे एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे बाकीचेही विझले. गणपतीच्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ जाते, तसंच. तो जळला कशानं? एलईडी समोर उष्णता फेकत नाही म्हणून तो गार असतो असं आपण समजतो, पण निम्म्याहून जास्त वीज त्याच्यातही उष्णताच होते. ती मागच्या अॅल्युमिनियममधून हवेत जावी लागते. बंद हंडीत हवाच खेळत नव्हती. तारेच्या बल्बला ती हंडी चालली, कारण त्याला तापणंच हवं असतं.

त्या पिवळ्या चौकोनांकडे मी बराच वेळ बघत बसलो. खरं तर त्याच्या पोटात निळा दिवा असतो. लाल एलईडी 1960च्या दशकापासून होते, हिरवेही आले, पण पांढऱ्यासाठी निळा हवा होता आणि तो जमत नव्हता. गॅलियम नायट्राइडचे नीट स्फटिक वाढवून जपानमध्ये जन्मलेल्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो घडवला. त्यासाठी 2014 साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या उजेडावर पिवळा लेप चढवला की काही निळा तसाच बाहेर येतो, काहीचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. ट्यूबमधली पांढरी पूडही असंच काम करते. फक्त तिथं पाऱ्याची वाफ आधी अतिनील किरण देते आणि पूड त्यांचा उजेड करते.

आणि इथंच मला लसणाचं कोडं उलगडलं. निळा अधिक पिवळा म्हणजे पांढरं खरं, पण त्यात तांबडा थोडाच. आणि मी आणलेले दिवे 6,500 केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे. तारेच्या बल्बच्या उजेडात तांबडा भरपूर असतो. लसूण पांढऱ्याचा सोनेरी आणि सोनेरीचा लाल होतो, हा सगळा फरक तांबड्याकडचाच. आईचं म्हणणं शब्दशः खरं होतं. रंग किती खरे दिसतात त्याचंही माप असतं, सीआरआय. तारेच्या बल्बचा 100 धरतात, साध्या एलईडीचा 80च्या आसपास. बाजारात 90च्या वरचेही मिळतात, थोडे महाग, आणि मागितल्याशिवाय दुकानदार दाखवत नाही.

मी 3,000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, 90हून जास्त सीआरआयचा 14 वॉटचा दिवा आणला. लावला. आई म्हणाली, "बरं आहे." आईचं "बरं आहे" म्हणजे बरं नाही. मग मी तिच्या जागी ओट्यापाशी उभा राहिलो. दिवा माझ्या पाठीमागं, दहा फुटांवर, आढ्याला. कढईवर माझीच सावली. चाळीस वर्षं ती स्वतःच्या सावलीत स्वयंपाक करत होती आणि आम्ही कुणी तिथं उभं राहून पाहिलं नव्हतं. हे मला फार लागलं.

दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट पडतो. फळीच्या खाली, ओट्यापासून दोन फुटांवर, पाच वॉटची एलईडी पट्टी दादांनी बसवली. पट्टीच्या पुढं लाकडाची बारीक कड ठोकली, म्हणजे ती डोळ्यांत जात नाही. वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आत पोचणारा उजेड विशीतल्या मुलाच्या साधारण तिसरा हिस्सा असतो. आईला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड हवा, पण डोळ्यांवर येणारा नाही, हातावर पडणारा.

पट्टी लागल्यावर ती काही बोलली नाही. कोपऱ्यातलं सूप घेतलं, ओट्यावर तांदूळ पसरले आणि निवडायला बसली.

बाकीचं काम मग पटकन उरकलं. माडीवरच्या ट्यूबचे चोक काढून एलईडी ट्यूब बसवल्या. देवघरातला झिरोचा बल्ब नावालाच झिरो, मोजला तर 14 वॉट निघाला आणि तो रात्रभर चालू असायचा. तिथं अर्ध्या वॉटचा लाल दिवा लावला. जुन्या ट्यूब आणि सीएफएल कचऱ्यात टाकल्या नाहीत, आत पारा असतो. खोक्यात वर्तमानपत्र कोंबून पुण्याला आणल्या आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिल्या.

ओसरीवरचा शंभराचा बल्ब मात्र वहिनी मागून घेऊन गेल्या. त्यांच्याकडे गावरान कोंबडीची पिल्लं निघाली होती आणि थंडी पडली होती. खोक्यावर तो टांगलाय. संध्याकाळी बटण दाबलं की बारा पिल्लं त्याच्याखाली येऊन एकमेकांना चिकटून बसतात.