चंद्रावरची वीट

आज एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय, परग्रहावर रोबोटकडून घरं बांधून घेणं. डुलकी लागणार अशी खात्री होती, पण गाडी विटेपाशी आली आणि झोपच उडाली. २०२० मध्ये बंगळुरूची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) आणि इस्रोच्या संशोधकांनी चंद्रावरच्यासारख्या मातीत जिवाणू, युरिया आणि गवारीच्या बियांचा डिंक मिसळून वीट तयार केली. जिवाणू कॅल्शियम कार्बोनेट बनवतात, त्यानं कण सांधले जातात. आणि युरिया? तो माणसाच्या लघवीतूनही मिळवता येतो! (शेजारचे गृहस्थ इथे जागे झाले.) सिमेंट रॉकेटनं न्यायचं म्हणजे खर्चाला अंत नाही. चंद्रावरची धूळ मात्र काचेसारखी टोकदार, वाऱ्यापावसानं कधी झिजलेलीच नाही. त्यात रोबोटचे सांधे किती टिकतील, हे विचारायचं राहूनच गेलं.