मार्सेलिसमधलं वळवलेलं घर

मी नाशिकची. भगूर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. त्यामुळे मार्सेलिस म्हटलं की मला लहानपणापासून एकच दिवस आठवतो: 8 जुलै 1910. सातवीत असताना मी त्यावर भाषण केलं होतं. मोरिया बोट, संडासाची गोल खिडकी, समुद्रात उडी, धक्क्यावर चढून पळत सुटलेले सावरकर आणि मागून आरडाओरडा. फ्रान्सला जायचं ठरलं तेव्हा पॅरिसचे दोन दिवस कमी करून मार्सेलिसचे चार मी हट्टाने घेतले. तिथले लोक त्याला मार्सेय म्हणतात, पण माझ्या तोंडात अजून मार्सेलिसच बसलंय.

पहिल्याच दुपारी मी आणि नवरा जोलिएतच्या धक्क्यांकडे गेलो. त्या काळात मोठ्या आगबोटी तिकडे लागत. आज तिथे उंच जाळीचं कुंपण आहे, आत फेरी बोटींचे प्रवासी आणि ट्रक, बाहेर मॉल आणि काचेच्या इमारती. पाणी जवळून बघायला मिळावं म्हणून दीड तास कुंपणाच्या कडेने चाललो. पाण्याला हात लावणं दूरच, धड दिसलंही नाही, आणि मला तरी कुठे काही खूण सापडली नाही. खूप वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन जाळीतून ट्रक बघायचे?

आम्ही उतरलो होतो ल पानिए या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की बॅग डोक्यावर घेऊन चढावी लागली. घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका, इंग्रजी आमच्याइतकंच जपून बोलणाऱ्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कुठे जाऊन आलात?" मी नुसतं "बंदरावर" म्हटलं. पुढचं सगळं सांगायचं त्राण नव्हतं. त्यांनी माझा चेहरा बघितला असावा. म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर चला. नकाशा घरी ठेवा."

सकाळी त्यांनी आधी जुन्या बंदरावर नेलं. नॉर्मन फॉस्टरने 2013 साली उभारलेलं तिथलं आरशाचं छत मला फोटोंत बघून उगाच केलेला खर्च वाटलं होतं. पण खाली उभं राहून वर पाहिलं तर मासे विकणाऱ्या बायका, बर्फाची खोकी, पाव नेणारी मुलं, सगळं डोक्यावर उलटं लटकलेलं, आणि त्यात आपणही. जवळच फरसबंदीत एक धातूची पाटी आहे. इसवी सनापूर्वी 600च्या सुमारास फोसियाहून आलेले ग्रीक दर्यावर्दी इथे उतरले, असं त्यावर कोरलंय. लोक बिनदिक्कत त्यावरून चालत जातात. बाई मात्र वळसा घालून गेल्या.

मग त्या एका दगडी घरासमोर थांबल्या. ओतेल द काब्र. 1535 सालचं, शहरातल्या सर्वांत जुन्या घरांपैकी एक. सुंदर आहे, पण युरोपात आठवडाभर फिरलं की जुन्या दगडी भिंतींचं अप्रूप ओसरतं. मी मान डोलावली आणि पुढे निघाले. बाईंनी माझा दंड धरला. "हे घर पूर्वी असं उभं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि तळहात उभा धरून काटकोनात वळवला. खरंच तसं झालंय. 1954 साली ही अख्खी इमारत पायातून उचलून 90 अंशांत फिरवली, कारण नव्याने आखलेल्या रस्त्याच्या रेषेत ती बसत नव्हती. रस्ता नवा का आखावा लागला? कारण आजूबाजूला काही उरलंच नव्हतं.

आता मी तिथून हलेना. बाई आम्हाला कॅसरी नावाच्या रस्त्यावर घेऊन गेल्या. रस्त्याच्या वरच्या अंगाला पानिएची वेडीवाकडी घरं, रंग उडालेल्या झडपा, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. खालच्या अंगाला थेट पाण्यापर्यंत सरळ रेषेतल्या इमारती. बंदराला लागून असलेल्या, फिकट दगडाच्या, फर्नां पुयाँ या वास्तुकाराच्या. आदल्या दिवशी मी त्यांचे फोटो काढले होते. "नीटनेटकं बंदर" असं घरच्या ग्रुपवर लिहिलंही होतं.

जानेवारी 1943मध्ये जर्मनांनी आणि त्यांना साथ देणाऱ्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या पोलिसांनी हा सगळा भाग वेढला. 24 तारखेला, रविवारी सकाळी, सुमारे 20,000 लोकांना घराबाहेर काढलं. 1 फेब्रुवारीपासून सुरुंग लावायला सुरुवात झाली आणि त्याच महिन्यात जवळपास 1,500 इमारती जमीनदोस्त झाल्या. नगरपालिकेची इमारत, हे काब्र यांचं घर आणि अशा मोजक्याच वास्तू वाचल्या. त्या दिवसांत पकडलेल्यांपैकी दीड हजारांवर लोकांना पुढे पाठवलं. जवळपास 800 ज्यू सोबिबोरच्या मृत्युछावणीत गेले.

बाईंची आई तेव्हा अकरा वर्षांची होती. या रस्त्याच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर राहायची. आजीने आदल्या रात्री चणे भिजत घातले होते. युद्धाच्या दिवसांत वाटीभर चणे मिळाले म्हणजे रविवार साजरा. पहाटे दार वाजलं. हाताला लागेल तेवढं घ्या आणि निघा, असा हुकूम. आजीने बाळाचं दुपटं घेतलं, कागदपत्रं घेतली, आणि चणे निथळून फडक्यात बांधायला लागली. पोलिसाने ते खाली ठेवायला लावलं. मग ट्रामने आरँक स्टेशन, मालगाडीचे डबे, फ्रेजूसची छावणी. काही दिवसांनी सुटले, पण त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकता आलं नाही. आई म्हातारपणी सगळं विसरली, बाईंचं नावसुद्धा. ओट्यावर राहिलेले चणे मात्र विसरली नाही.

"जर्मन होते?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"बाहेर वेढ्याला जर्मन. दार वाजवणारे आमचेच."

बाईंचा आवाज शिक्षिकेचा होता, धड्यातली ओळ वाचावी तसा. आम्ही तिघं त्या रस्त्यावर बराच वेळ नुसते उभे राहिलो.

पुढचे दोन दिवस भराभर गेले. वारा सुटल्यामुळे शातो दिफ या बेटावरच्या किल्ल्याकडे जाणारी बोट रद्द झाली. नोत्र-दाम द ला गार्द या चर्चच्या टेकडीवर सहलीच्या बसगाड्यांची इतकी गर्दी की शांतपणे शहर बघताच आलं नाही. वर जायचंच असेल तर उजाडताच जा, मी आळस केला. सेंट व्हिक्टरजवळच्या 1781 सालापासूनच्या भट्टीतली नावेच्या आकाराची नावेत बिस्किटं मात्र मी किलोभर आणली. संत्र्याच्या फुलांचा वास आणि टोस्टासारखी कडक. चहात बुडवली की आपलीच वाटतात.

शेवटच्या संध्याकाळी बाईंनी बसने लेस्ताकला नेलं. चित्रकार सेझानने रंगवलेलं हे समुद्रकाठचं गाव. तिथे एका टपरीवर त्यांनी पानिस घेतले. चण्याच्या पिठात पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून घट्ट होईपर्यंत घोटायचं, गार करून गोल काप करायचे आणि तळायचे. पहिला घास घेतला आणि मी नवऱ्याकडे पाहिलं. पाटवडी! तिखट-हळदीशिवायची, बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखी. पिठलं थापून आम्हीही वड्या पाडतो हे मी हातवारे करत बाईंना समजावलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी एक पुडा आणला.

समोर खाडीपलीकडे बंदराच्या क्रेन दिसत होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून मी अखेर सांगितलं, पहिल्या दिवशी तिकडे का गेले होते ते. आमच्या गावाजवळचा एक माणूस, इंग्रजांचा कैदी, बोटीतून उडी मारून तुमच्या किनाऱ्याला लागला होता. त्याला वाटलं, फ्रान्सच्या जमिनीवर पाय ठेवला की इंग्रजांचा हक्क संपतो. पुढे हेगच्या लवादापर्यंत प्रकरण गेलं. 1911च्या फेब्रुवारीत निकाल लागला, ताबा देण्यात चूक झाली खरी, पण परत करायला ब्रिटन बांधील नाही. तोवर सावरकरांना जन्मठेप झाली होती.

बाई ऐकत होत्या. पुड्याचा कागद तेलाने पारदर्शक झाला होता.

"किनाऱ्यावर त्याला धरलं कोणी? बोटीवरच्या इंग्रजांनी?"

"नाही. फ्रेंच पोलिसाने धरलं आणि त्यांच्या हवाली केलं."

त्यांनी पुडा हळूच माझ्याकडे सरकवला.

"आमचेच," त्या म्हणाल्या.