तुम्ही विचारलंत म्हणून: सुके काजू भिजवून उसळ का करू नये?

फाल्गुन-चैत्रात घरी आलेले पाहुणे ओल्या काजूगरांची उसळ आवडीने खातात आणि सावंतवाडीच्या बाजारातला गरांचा भाव कळला की हटकून विचारतात, "सुके काजू रात्रभर भिजवून हीच उसळ होणार नाही का?" उसळ होईल, पण ती ही नसेल.

डब्यातला काजू आपल्या हाती येण्यापूर्वीच उष्णतेतून गेलेला असतो. कारखान्यात बी भाजून किंवा वाफवून फोडतात आणि आतली तांबूस साल सुटावी म्हणून गर पुन्हा वाळवतात. असा गर भिजवला की फुगतो, परंतु त्याचा कोवळेपणा परत येत नाही. शिजवताना तो पिठूळ होतो आणि रस्सा उगाच दाट करतो. ओला गर मात्र बी हिरवी आणि कवच मऊ असतानाच काढलेला असतो. शिजल्यावरही तो दाताखाली अखंड लागतो, त्याला दुधाळ गोडी असते, आणि म्हणूनच मी त्याला सुकामेव्यात न धरता कोवळ्या फणसासारखी या दिवसांतली भाजीच मानते.

राहिला भाव. काजूच्या कवचात तेलकट चीक असतो आणि तो कातडीला लागला तर फोड येतात; बिब्बा हा काजूचाच भाऊबंद आहे, हे येथे लक्षात घ्यावे. गर काढणाऱ्या बायका हातांना राख किंवा खोबरेल तेल चोळून एकेक बी उभी चिरतात आणि आतला गर न मोडता अलगद बाहेर काढतात. ते गर शेकड्यावर विकायला बसलेल्या बाईची काळवंडलेली बोटे पाहिल्यावर घासाघीस करणे मला योग्य वाटत नाही, आणि माझ्यासोबत बाजारात येणाऱ्यांनाही मी ती करू देत नाही.

आता कृती. गर कढत पाण्यात घालून झाकून ठेवावेत, म्हणजे साल चिमटीने सुटते. ती तुरट असल्यामुळे थोडीही ठेवू नये. खोबरेल तेलावर कांदा परतून त्यात हळद आणि गर घालावेत, आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्यावे. कुकर लावू नये. ओले खोबरे, धने आणि सुक्या मिरच्या बेताने भाजून केलेले वाटप, म्हणजे वाटण, गर शिजत आल्यावर घालावे. खोबरे काळपट होईपर्यंत भाजले किंवा गरम मसाल्याचा हात सैल सुटला, तर गराची गोडी झाकून जाते. कोंबडीच्या रश्श्याला शोभणारे वाटप येथे शोभत नाही. मीठ, गुळाचा लहानसा खडा आणि आमसूल अगदी शेवटी. गर थोडे असतील तर बटाट्याच्या फोडी घालून उसळ वाढवण्याची पद्धत आहे आणि तीत कमीपणा काहीच नाही.

एप्रिल सरत येतो तशा बिया पिकून कवच कडक होते आणि ओले गर बाजारातून दिसेनासे होतात. पुढे पावसाळ्यात उसळ हवी असेल, तर आताच गर सोलून, कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. ताज्यांची सर त्यांना येत नाही. तरी भिजवलेल्या सुक्या काजूंपेक्षा मी तेच वापरते.