गरम झाली की बंद पडणारी फियाट आणि कंडेन्सरचा शोध : माझा अनुभव

आमची प्रीमियर पद्मिनी आप्पांच्या वेळची, नव्वदच्या दशकातली, घरात सगळे फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला पाळीपाळीनं स्पार्क पोचवणाऱ्या डब्यात, करंट चालू-बंद करणारे जुने पॉइंट. उन्हाळा सुरू झाला तसे तिनं दोन नखरे चालू केले. सकाळी स्टार्टर मारला की इंजिन कण्हत कण्हत फिरायचं हा एक, आणि दुसरा म्हणजे निपाणीहून बेळगावला निघालं की तवंदीचा घाट चढायची, संकेश्वर मागं टाकायची, सगळं झकास, आणि पुढं वंटमुरीच्या चढाला लागली की दोन झटके देऊन बंद. अर्धा पाऊण तास थांबलं की पहिल्या सेल्फला चालू, जसं काही झालंच नाही.

ऐकणारा प्रत्येक जण दोन्ही दुखणी एकच धरून एकच औषध सांगायचा, बॅटरी बदल. पण बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे फुल चार्ज, आणि सेल्फ मारतानाही फार खाली जात नव्हती. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावली आणि दाजींना सेल्फ मारायला लावला, तर तिथंच एक व्होल्टच्या वर दाखवायला लागलं. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं स्टार्टरचा सगळा करंट परत यायला अर्थिंगची जाड पट्टी लागते, ती आमच्या गाडीची गंजून हिरवी झालेली. अशा वेळी करंट दुसरी वाट शोधतो, चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधनं जातो, आणि खरंच, चार सेल्फ मारल्यावर चोकच्या केबलला हात लावला तर गरम! पट्टी नवीन घातली, बसायची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, सकाळचं कण्हणं संपलं. खर्च किरकोळ.

घाटातलं मात्र तसंच राहिलं.

तिथं सगळ्यांचं एकमत, गॅस लॉक. म्हणजे उष्णतेनं पेट्रोलची पाइपात वाफ होते आणि पंप ओढत नाही. ट्रकवाला म्हणाला पंपावर ओलं फडकं टाका, ढाब्यावरचा म्हणाला ओलं फडकं टाका, दाजी तर बाटली घेऊन तयारच असायचे. आणि गंमत अशी की फडकं टाकलं की गाडी चालू व्हायची! कारण पाणी आणायचं, फडकं भिजवायचं, तेवढ्यात सिगारेट-चहा, यात अर्धा तास जातोच आणि तेवढ्यात बॉनेटखालचं सगळंच गार होतं, पंप पण आणि बाकीचं पण. त्यामुळं फडक्यानं काहीच सिद्ध होत नाही. तपासायचं तर बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच तपासायला पाहिजे.

म्हणून एका दुपारी भर उन्हात मुद्दाम घाट चढवली, सोबत जुना स्पार्क प्लग, टेस्ट लॅम्प, पाना आणि दाजी. ठरल्या जागी बाईसाहेब थांबल्या. आधी कॉइलची, म्हणजे बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणाऱ्या डब्याची, मधली वायर कॅपमधनं काढून बॉडीला घट्ट टेकवून ठेवली, म्हणजे ठिणगीची भीती नको, मग कार्बोरेटरचा पाइप काढून बाटलीत सोडला आणि सेल्फ मारला तर पेट्रोल चुळकन चुळकन बाटलीत. गॅस लॉक गेला यादीतनं. बाटली झाकण लावून लांब ठेवली, पाइप परत बसवला, वायर लावली, मग प्लग इंजिनला टेकवून स्पार्क बघितला. काहीच नाही.

आता टेस्ट लॅम्प. कॉइलच्या प्लसला लावला, पेटला, म्हणजे स्विचकडनं करंट येतोय. मायनसला लावला आणि दाजींनी सेल्फ मारला. इथं पॉइंट उघडले की दिवा पेटायला आणि मिटले की विझायला पाहिजे, लुकलुक लुकलुक. आमचा दिवा काळाच. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून बघितलं तर पॉइंट नीट उघडझाप करत होते, तरी दिवा नाही, म्हणजे ती बाजू दुसरीकडं कुठंतरी बॉडीला टेकलेली. कंडेन्सरची वायर सोडवली आणि दिवा लुकलुकायला लागला! दाजी सीटवरनंच ओरडले, "सापडलं की!"

हा कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढा पत्र्याचा डबा. पॉइंट उघडताना त्यांच्यात जी ठिणगी उडू बघते ती तो गिळतो, त्यामुळं कॉइलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. आमच्यातलं आतलं इन्सुलेशन गरम झालं की शॉर्ट व्हायचं आणि गार झालं की परत ठीक. गॅरेजमध्ये गार गाडीवर तपासलं तर आयुष्यभर सापडलं नसतं.

गार झाल्यावर वायर परत लावून बेळगावात शहापुरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडं पोचलो. माणूस कन्नडवाला, मराठी आपल्यासारखंच. पहिला प्रश्न, "पॉइंट बघितलासा काय?" बघितले तर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ, ते म्हणे कंडेन्सरचंच लक्षण. "करंट बराकत्तिल्लरी, गॅस लॉक अल्ल," म्हणजे करंट येत नाहीय, गॅस लॉक नव्हे, असं शेजारच्या पोराला सांगून त्यानं आधी बाजारातला नवा कंडेन्सर लावला, तो आठवड्यात तसाच गरम होऊन गेला. मग त्यानं त्याच्या डब्यातला जुना काढला, आणि तो डिस्ट्रिब्युटरला न चिकटवता कॉइलजवळ बॉडीला बसवून वायर कॉइलच्या मायनसला दिली. विजेच्या हिशोबानं दोन्ही एकच, पण तिथं इंजिनची धग कमी आणि बदलायचा झाला तर एक स्क्रू. पॉइंट घासून फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीनं, त्यांच्यातला गॅप धरला. वायरी काढायच्या आधी त्यानं खडूनं खुणा केल्या, कारण फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडरना स्पार्क मिळायचा क्रम, १-३-४-२, एक वायर इकडची तिकडं झाली की परत नवीन नाटक.

त्यानंतर मे महिन्यातसुद्धा वंटमुरी न थांबता चढली. दाजींनी ओल्या फडक्याची बाटली अजून डिकीत ठेवलीय, काय म्हणणार.

एक राहिलंय. पावसात जांबोटी-कणकुंबीकडं गेलं की सकाळी मिसफायर मारते, ते डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमुळं, आतनं केसाएवढी काळी रेघ गेलीय आणि ओल धरली की स्पार्क तिथनंच पळतो. कॅप सांगून ठेवलीय, तोपर्यंत कोरड्या फडक्यानं पुसून चालवायलोय.